शामलाच्या कानांनी

२ जानेवारी १९८३, रविवार

श्रावण आज सकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. तिथून कुवैत. शामलाचा हा भाऊ येतो तेव्हा घरात अशी एखादी वस्तू ठेवून जातो, की आमची कोराडीची अर्धी कॉलनी ती पाहायला येते. या खेपेला हातात मावेल असा जपानी टेपरेकॉर्डर आणि सोबत कानात घालायचे माइक. ऐकायचे नाहीत, रेकॉर्ड करायचे. दोन बारीक काळ्या गोळ्या, एक डाव्या कानात बसते, एक उजव्या. कानाला जे ज्या बाजूनं ऐकू येतं, ते त्याच बाजूनं टेपवर उतरतं. मग हेडफोन लावून ऐकायचं.

मी पॉवर हाउसात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला आहे, दिवसभर बॉयलरचे काटे नीट करतो. मला वाटलं खेळणं असेल. दुपारी गोळ्या घालून स्वयंपाकघराच्या दारात बसलो. शामला भाकरी थापत होती, मागच्या खोलीत उत्तरा कविता पाठ करत होती. नंतर डोळे मिटून ऐकलं तर शामला समोर, पोरगी पाठीमागे, आणि राखेचा एक ट्रक बाहेरून डावीकडून उजवीकडे निघून गेला. मी मान वळवून पाहिलं. खिडकीबाहेर काही नव्हतं. ट्रक टेपवरचा.

आता जे रेकॉर्ड करीन त्याची नोंद ठेवावी म्हणून मागच्या वर्षीची ही कोरी डायरी घेतली आहे. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहावे लागतील.

६ जानेवारी

बाईंसाठी या यंत्राचा उपयोग होईल, हे शामलाच्याच डोक्यात आलं.

बाई म्हणजे सत्यवतीबाई. शामला परकर-पोलक्यात होती तेव्हापासून त्यांच्याकडे गाणं शिकते. दसऱ्याच्या आधी न्हाणीत पाय घसरून बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून प्रताप नगरात भाचीकडे, पुष्पलताकडे, खाटेवर आहेत. धंतोलीच्या गायन मंडळाच्या रविवारच्या मैफलींतलं एकही गाणं ज्या बाईनं कधी चुकवलं नाही, ती आता भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. पुष्पलता सांगत होती की जेवतही नाहीत नीट. साध्या टेपवर गाणं लावलं तर हातानं बंद करायला सांगतात. म्हणतात, "डब्यातलं गाणं डब्यातच राहू द्या."

"यानं त्यांले तिथं बसल्यासारखं वाटंल," शामला म्हणाली. "तुम्ही जा येत्या रविवारी, करून आणा."

९ जानेवारी, रविवार

केलं, पण फसलं. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. मागाच्या खटक्यात वाढलो, सूर कसा ऐकायचा ते लग्नानंतर शामलानं शिकवलं. पण गप्प बसायचं शिकवलं नाही. घरी येऊन ऐकलं तर गायकापेक्षा मीच जास्त. घोट गिळल्याचा आवाज विहिरीत बादली पडल्यासारखा. मधूनच खोकला. मध्यंतरात खाल्लेले फुटाणे तर असे वाजतात, की उत्तरा हसून हसून लोळली.

शामला गाणं ऐकताना दगडासारखी स्थिर बसते. तिलाच म्हटलं, पुढच्या वेळी तू घाल. तिचा चेहरा उतरला.

"मी नको. माझ्या केसात वायर अडकते."

"केस मागे बांध ना."

"मले नाही जमायचं हो ते यंत्र."

यात न जमण्यासारखं काय आहे? घालायचं आणि बसायचं. शेवटी बाईंचं नाव काढलं तेव्हा तयार झाली. अलीकडे ती अशीच झाली आहे, लहानशा गोष्टीला आधी नाही म्हणते. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देते, म्हणते लक्ष नव्हतं. आज बस स्टँडवर चालताना तीनदा जागा बदलून माझ्या डाव्या हाताला आली. विचारलं तर म्हणाली, ऊन लागते. जानेवारीचं ऊन!

१७ जानेवारी

काल शामलानं रेकॉर्ड केलं. आज शिफ्ट संपवून आलो आणि जेवायच्या आधी ऐकायला बसलो.

असं काही मी आजवर ऐकलं नाही. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या कळतात. मारवा गायला होता, गायक श्वास घेतो तो दिसतो म्हटलं तरी चालेल. एकही खोकला नाही, हालचाल नाही. शामलाचा स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

पण एक खोट आहे. सुरुवातीला गायक नाकासमोर असतो. मग हळूहळू तो उजवीकडे सरकायला लागतो. आलाप संपेपर्यंत सगळी मैफल उजव्या कानात गोळा होते, आणि डाव्या कानात नुसती भिंत आणि पंखा. कोणी पाय लावून सतरंजीसकट गवयाला बाजूला सरकवावं, तसं.

डाव्या गोळीत बिघाड असावा. उद्या पाहतो.

१९ जानेवारी

गोळ्यांची अदलाबदल करून पाहिली. घड्याळ डावीकडे ठेवलं, उजवीकडे ठेवलं. दोन्ही ठणठणीत. बिघाड माइकमध्ये नाही.

मग एकच राहतं. शामलाची मान वळली होती. तिनं तोंड डावीकडे केलं की गायक तिच्या उजव्या कानाकडे येणार. कागदावर डोकं काढून बाण मारून पाहिले. बरोबर जुळतं. गाणं चालू असताना ती गायकाकडे पाहत नव्हती. डावीकडे, भिंतीकडे पाहत होती.

मी त्या दिवशी मागे दाराशी होतो, तिथून तिचं तोंड दिसत नव्हतं. भिंतीपाशी कोण बसलं होतं, ते मी आठवत बसलो. आठवलं. ईश्वरदास.

ईश्वरदास चांगला माणूस आहे. पेटी वाजवतो, बाईंकडे शामलाच्या साथीला येतो. बायको दोन वर्षांमागे गेली. कोणाच्या अध्यातमध्यात नाही. मी हे लिहितो आहे याचीच मला लाज वाटते.

२३ जानेवारी, रविवार

बाईंना मारवा ऐकवला. हेडफोन लावायला पुष्पलतानं उशी उंच केली. आधी कपाळावर आठ्या होत्या. मग डोळे मिटले. थोड्या वेळानं पांघरुणातून उजवा हात बाहेर आला आणि छातीवर ठेका धरला. पुष्पलता माझ्याकडे पाहून तोंडावर पदर धरून उभी. दसऱ्यापासून पहिल्यांदा बाईंनी कशाला तरी हात वर केला होता.

संपल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, मी जाऊन आली. तिसऱ्या ओळीत बसली होती मी." मला त्या जावईच म्हणतात.

शामला आत पुष्पलताला मदत करत होती. बाईंनी मला जवळ बोलावलं.

"हे कान कोणाचे होय?"

"शामलाचे."

"हं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिले म्हणजो, पुढल्या खेपेले एकदम डाव्या कोपऱ्यात बसत जाय. भिंतीले लागून."

"काहून बाई?"

"म्हणजो तुम्ही. गाणं उजव्या हाताले राहू दे तिच्या."

डाव्या कोपऱ्यात. भिंतीला लागून. तिथंच तर तो बसतो. बाईंना हे कसं सांगू?

३१ जानेवारी

काल निरोप सांगितला तर शामला एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली. "बाईंनं म्हटलं असं?" मग लगेच जाऊन डाव्या कोपऱ्यात बसली. ईश्वरदास दोन हातांवर.

कालची टेप निर्दोष आहे. गायक सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजवीकडे, एकाच जागी, खुंटीला टांगल्यासारखा. मान जराही हललेली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, आता मान वळवायची गरजच काय राहिली?

बाई मात्र जेवायला लागल्या आहेत. पुष्पलतानं सांगितलं, काल वांग्याची भाजी मागून घेतली.

७ फेब्रुवारी

मंडळवाले बाईंचा सत्कार करणार आहेत, मार्चमध्ये. बाईंनी त्यांना निरोप दिला: मला खाटेवरून उठवून शाल कायले घालता, माझी शामला गाईल, तेच माझं. म्हणजे शामलाची पहिली स्वतंत्र मैफल. तिचं वय छत्तीस. इतकी वर्षं बाईंच्या मागे तंबोरा घेऊन बसली. कॉलनीच्या शाळेत पोरांना प्रार्थना शिकवण्यात तिचा गळा चालला आहे, असं मला नेहमी वाटायचं.

मी पेढे आणले. तिनं एकही खाल्ला नाही. म्हणाली, "मले नाही गाता येत."

"नाही गाता येत म्हणजे?"

"नाही म्हटलं ना."

आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसली. उत्तरा माझ्याकडे पाहत होती. अकरा वर्षांची आहे, तिच्यासमोर काय बोलणार? "आईले बरं वाटत नाही," एवढंच म्हटलं. पोरगी ताटं उचलायला लागली.

१२ फेब्रुवारी

बाईंचा शब्द मोडवत नाही म्हणून शामला रियाजाला तरी बसली. ईश्वरदास पेटी घेऊन येतो. आज मी लवकर घरी आलो. दारातून पाहिलं. पेटी नेहमी गाणाऱ्याच्या डाव्या हाताला असते. आज ती उजवीकडे, शामलाला अगदी खेटून, आणि ईश्वरदास वाकून तिच्या उजव्या कानाशी काही सांगत होता. मला पाहून शामला दचकली. तो मात्र दचकला नाही. "या भाऊ, बसा," म्हणाला.

मी बसलो नाही. सायकल घेऊन तलावाकडे गेलो आणि कूलिंग टॉवरची वाफ पाहत उभा राहिलो. घरात आठ दिवसांपासून मी फक्त कामापुरतं बोलतो आहे. तिला ते कळलंही नसेल असं वाटतं, कारण निम्म्या गोष्टी ती ऐकतच नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

हेडफोनची उजवी बाजू बंद पडली होती, वायर घडीवर तुटली होती. सकाळी अंगणात डाख लावायला बसलो. उजव्या बाजूची तुटकी वायर सोडवून ठेवली आणि डावी तरी नीट चालते का पाहावं म्हणून मागच्या आठवड्यात टेपवर घेतलेला शामलाचाच रियाज लावला. चांगला खणखणीत. शामला वाळत घालायचे कपडे घेऊन आली होती. तिला म्हटलं, जरा लावून सांग, आवाज फाटतो का.

तिनं बादली ठेवली, पाटावर बसली, हेडफोन लावला; बंद उजव्या बाजूची जाड गादी त्या कानावर घट्ट बसली. मी आवाज वाढवला. हातभर अंतरावरून मला तिच्या डाव्या कानापाशी तिचा भीमपलास बारीक ऐकू येत होता. ती माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर वाट पाहणारं हसू. कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी धड बोललो होतो, त्याचं असावं.

मी आवाज आणखी वाढवला.

"लावा ना मग," ती म्हणाली. "मी बसूनच आहो."

माझ्या हातातला डाख मारायचा लोखंडी खिळा तसाच राहिला. मी उठलो, तिच्या डोक्यावरून हेडफोन काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. तिच्या उजव्या कानात तिचाच आवाज एकदम आला तशी ती मागे सरली. मग तिला समजलं की मला समजलं. हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे भरून आले.

मी टेप बंद केला.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीत उत्तराला गालगुंड झालं होतं. तिचं बरं होतं न होतं तोच शामलाला झालं. ताप उतरल्यावर ती चार-पाच दिवस भिंत धरून चालत होती, दवाखान्यात अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. तेव्हा सकाळी उठली तर डावा कान नव्हता, असं ती म्हणाली. "दुखला नाही, काही नाही. नुसता नव्हता."

"मले सांगितलं काहून नाही?"

तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. उत्तरा आत होती. मग आवाज खाली करून म्हणाली, "पोट्टीले काय वाटंल? माझ्यापासून आईचा कान गेला. जन्मभर वाटंल तिले. तिच्याच तापात मी तिच्याजवळ झोपली होती ना."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागलो.

"अन् श्रावणनं ते कानाचं यंत्र आणलं," ती म्हणाली. "माझ्या कानांनी ऐकायले बसले तुम्ही. हेडफोन घालून, डोळे मिटून. मले वाटे, आज समजते, उद्या समजते. भीतीही वाटे, अन् समजलं त बरं असंही वाटे. पण तुम्ही त माइक खोलूनच पाहून राहिले."

खरं आहे. मी माइक खोलून पाहत होतो. तिचं सगळं न ऐकणं माझ्या टेपवर भरून ठेवलेलं होतं, आणि मी त्यातून दुसऱ्याच माणसाचं नाव काढलं. ते नाव तिला सांगितलं नाही. सांगणार नाही.

बादलीतले कपडे मग आम्ही दोघांनी मिळून वाळत घातले.

२४ फेब्रुवारी

रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन फाट्यांचा लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कपाळावर टेकवला, कानामागे टेकवला. डावी नस गेली आहे, परत येणार नाही. उजवा कान उत्तम आहे, तो जाण्याचं काही कारण नाही. शामलानं हेच पुन्हा विचारलं, "म्हणजे हा राहील?" डॉक्टर म्हणाले, "राहील." बाहेर आल्यावर तिनं उसाचा रस मागितला. दोन पेले प्यायली. इतके दिवस ती दुसऱ्या कानाच्या भीतीत होती, हे मला तो दुसरा पेला पाहून कळलं.

उत्तराला सांगायचं ठरलं, पण सर्दी कानात उतरली, एवढंच. गालगुंडाचं नाव घरात काढायचं नाही. तसं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कोणता कान?" मग अभ्यासाला गेली. मुलं लवकर विसरतात.

२७ फेब्रुवारी, रविवार

दोघं बाईंकडे गेलो. शामला खाटेपाशी जमिनीवर बसली आणि एका दमात सांगून टाकलं. बाईंना आश्चर्य वाटलं नाही.

"मारव्याच्या टेपलेच समजलं मले," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षांपासून तुले माह्यासमोर बसून पाह्यते मी. गाणं सोडून दुसरीकडे तोंड करणारी पोरगी नाही तू. म्हटलं, हे कान काहीतरी शोधून राहिले."

मी खिडकीबाहेर पाहत उभा होतो.

"मग आता तुम्हीच सांगा मंडळाले, बाई," शामला म्हणाली. "तंबोरा कुठून येते ते समजत नाही मले. आधी असा पाठीमागून दोन्ही अंगांनी यायचा, मांडीवर घेतल्यासारखा. आता अर्ध्या डोक्यात वाजते. कशावर सूर लावू?"

बाईंनी पुष्पलताला कपाटावरचा तंबोरा काढायला लावला. पुष्पलतानं तो शामलाच्या उजवीकडे बसून छेडायला घेतला.

"सा लाव."

शामलानं लावला. मध्येच सोडला.

"लाव वं."

पुन्हा लावला. बाईंनी तळहात हवेत आडवा धरला होता, तो किंचित वर केला. शामलाचा सूर किंचित चढला. हात थांबला. सूर थांबला. भिंतींना अजून गिलावा नाही, खोलीत आवाज घुमतो. मला सांगता येत नाही, पण त्या 'सा'नं खोली एकदम भरली आणि शामलाच्या डोळ्यांतून पाणी येत असताना सूर मात्र हलला नाही.

"कुठून येते ते कायले पाह्यजे तुले?" बाई म्हणाल्या. "येते ना? बस झालं."

५ मार्च

आता रोज रियाज. हार्मोनियम उजवीकडे, तबला डावीकडे ठेवायचं ठरलं. सूर ऐकू यायला हवा, तबला लांबूनही कळतो. तबल्याचे रुपराव कुरकुरले: "जन्मभर गाणाऱ्याच्या उजव्या हाताले बसलो गा मी. डाव्या हाताले बसलो त लोक म्हणतील, हे काय लगन लागून राहिलं?" पण बसले.

ईश्वरदास आज जायला निघाला तेव्हा त्याला थांबवलं. विचारलं, तुम्हाला शामलाच्या कानाचं माहीत होतं का?

"मले ताईनं पेटी इकडे ठेवा म्हटलं, मी ठेवली. काहून ते इचारलं नाही." पेटीचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाला, "त्याइले सांगायचं असतं त सांगितलं असतं."

मी त्याला बसवून चहा केला. माझ्या हातचा चहा घरात कोणी पीत नाही. त्यानं पूर्ण घेतला.

१४ मार्च

उत्तराची परीक्षा जवळ आली आहे. जेवताना विचारत होती, गालगुंड मोठ्या माणसांना झालं तर त्यांना जास्त त्रास होतो का? शामलाचा घास थांबला. मी म्हटलं, पुस्तकात जेवढं दिलं तेवढं पाठ कर. आरोग्यशास्त्राचा धडा असणार. शाळेत काहीही शिकवतात.

२० मार्च, रविवार

शामला गायली.

सकाळपासून काही खाल्लं नाही. संध्याकाळी निघताना बाईंनी पाठवलेली जुनी करवतकाठी नेसली. हॉल भरला होता, पुढे गाद्यांवर मंडळाची जाणती माणसं. माइक माझ्या कानात, बाईंसाठी. मी पहिल्या ओळीत, मधोमध. फुटाणे नाही, पाणी नाही.

विलंबित यमन तिनं डोळे मिटून गायला. ती नेहमी डोळे मिटूनच गाते. पहिला 'नी' लागला तेव्हा मागचं कोणीतरी "वा" म्हणालं, हळू, स्वतःशी म्हटल्यासारखं. माझे खांदे तेव्हा उतरले. चढून बसले होते हे तोपर्यंत कळलं नव्हतं.

मग द्रुत. लोक रंगले, रुपरावांना चेव आला, वरचे पंखे कोणीतरी जोरात केले. डावीकडचा तबला, पंख्यांचा घोंगाट, टाळ्या. एका तानेतून तिला समेवर यायचं होतं आणि ती आली नाही. सम निघून गेली. ईश्वरदासनं पेटीवर सूर धरून ठेवला. पुढच्या आवर्तनातही तिचा ताण वाढलेला दिसला, तोंड डावीकडे वळायला लागलं, तबला शोधायला. मंडळाच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याकडे पाहिलं.

आणि तिनं डोळे उघडले.

महिनाभर तीच बंदिश घरात ऐकतो आहे. माझा हात मांडीवर ताल धरून होता, मला माहीतही नव्हतं. तिची नजर फिरत फिरत माझ्या हातावर आली आणि थांबली. मी हात उचलून छातीसमोर धरला, सगळ्यांना दिसेल असा. टाळी, टाळी, खाली, टाळी. विणकराच्या पोराला ताल कोणी शिकवला नाही, पण माग चुकला की कापड चुकतं, एवढं माहीत होतं. हात चुकू दिला नाही.

ती समेवर आली. रुपरावांनी मान झटकली, हॉल हलला. त्यानंतर भैरवीपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. लोकांना वाटलं असेल, बाई किती धीट आहे, समोर पाहून गाते. ती माझ्या हाताकडे पाहत होती. मध्ये एकदा माझ्याकडेही.

टेपवर काय आलं असेल देवाला ठाऊक. माझं नाक सारखं वाहत होतं.

२७ मार्च, रविवार

बाईंनी पूर्ण ऐकलं. पुष्पलतानं चहा आणून ठेवला तो गार झाला. शेवटी हेडफोन काढून शामलाला म्हणाल्या, "तार सप्तकात घाई केली. अन् भैरवी लांबवली. मंगळवारपासून येजो, पूरिया घेऊ." शामला "हो बाई" म्हणाली. माझ्याकडे वळून बाई एवढंच बोलल्या, "जावईबापू, चांगल्या जागी बसले होते." मग भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून पडल्या, आम्ही जाईपर्यंत आमच्याकडे पाहत.

संध्याकाळी कोराडीत आलो तर वीज होती पण वारा नव्हता. अंगणात सतरंजी टाकली. शामला पाय लांब करून बसली, मी तांदूळ निवडत होतो, कारण आज स्वयंपाक मी करणार असं बोलून बसलो होतो. उत्तरा अभ्यास सोडून बाहेर आली. आईच्या उजव्या बाजूला बसली, डोकं टेकवलं, मैफलीत लोक काय म्हणाले ते विचारलं. शामलानं सांगितलं. रुपरावांची नक्कलही केली. पोरगी हसली.

मग ती उठली आणि आईच्या मागून फिरून डाव्या बाजूला गेली. गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांची ओंजळ करून आईच्या डाव्या कानाला लावली आणि त्यात काहीतरी बोलली. बराच वेळ. तिचे ओठ हलताना मला दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. शामला हलली नाही. दगडासारखी बसली होती, गाणं ऐकताना बसते तशी.

पोरगी बोलायची थांबली.

"काय म्हणाली वं?" शामलानं विचारलं.

"काही नाही," उत्तरा म्हणाली आणि आत पळाली. दिवा लागला, पुस्तक उघडल्याचा आवाज आला.

शाळेतली गंमत असेल. परीक्षेनंतर स्नेहसंमेलन आहे, या वयात मुलींची गुपितं फार असतात. मी शामलाला तसं म्हटलंही. तिनं उत्तर दिलं नाही. मी तिच्या उजवीकडेच बसलो होतो, म्हणजे ऐकू गेलं असणार. तिनं आपला तळहात त्या डाव्या कानावर ठेवला होता, घट्ट, आतलं काही सांडू नये तसा, आणि तांदूळ शिजेपर्यंत तो तिथून काढला नाही.